फौजीच्या घरातला घटस्फोट: पेन्शनचे वाटे होत नाहीत, मग हातात काय पडतं?

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे फौजीच्या घरातलं प्रकरण कोर्टात जायची वेळ आली की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "त्यांची अर्धी पेन्शन माझ्या नावावर होईल ना?" उत्तर आधीच सांगून टाकतो. होणार नाही. भारतात घटस्फोटाच्या वेळी लष्करी पेन्शनची वाटणी होत नाही. त्या पेन्शनकडे बघून पोटगी ठरते, आणि ती चांगली ठरू शकते. पण वाटा मागणं वेगळं आणि पोटगी मागणं वेगळं. हा फरक कळला नाही तर चुकीच्या मागणीवर दोन-तीन वर्षं सहज जातात.

गोंधळाला इंटरनेटही जबाबदार आहे. या विषयावर शोधलं की बहुतेक माहिती अमेरिकेची निघते. तिथे १९८२ च्या कायद्याने राज्यांच्या न्यायालयांना लष्करी निवृत्तिवेतन वैवाहिक मालमत्ता म्हणून वाटण्याची मुभा दिली. लग्नाची किमान दहा वर्षं आणि नोकरीची किमान दहा वर्षं एकाच काळातली असतील, तर माजी जोडीदाराचा वाटा थेट त्यांच्या संरक्षण खात्याकडून मिळू शकतो. नेटवर दिसणारा 'दहा-दहा'चा नियम तो हाच. तिकडच्या एखाद्या मराठी घरातलं कोणी अमेरिकी सैन्यात असेल तर त्यांनी तो जरूर वाचावा आणि आपल्या राज्यातला वकील गाठावा. बेळगाव, नाशिक किंवा खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयात, मात्र त्याचा काही उपयोग नाही.

आपल्याकडे हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम २४ खटला चालू असतानाची अंतरिम पोटगी देतं आणि कलम २५ कायमची. बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही हाच कायदा लागू होतो. ख्रिस्ती आणि मुस्लिम कुटुंबांचे घटस्फोटाचे कायदे वेगळे आहेत, पण फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, कोणत्याही धर्माच्या पत्नीला वापरता येतं. घटस्फोट झालेली पण पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही त्यात येते. गोव्याचं गणित निराळं आहे. तिथल्या नागरी संहितेत लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, म्हणून गोव्यात लग्न नोंदलेलं असेल तर तिथल्याच वकिलाला विचारा. पुढचं सगळं मुख्यतः महाराष्ट्रातल्या हिंदू विवाह कायद्याखालच्या जोडप्यांसाठी आहे. मी बऱ्याच ठिकाणी 'पत्नी' म्हटलं आहे, पण कलम २५ नवऱ्यालाही खुलं आहे. महिला अधिकाऱ्याच्या पतीने ते लक्षात ठेवावं.

आधी पैसा कुठे कुठे आहे ते मांडा

पेन्शन हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण निवृत्तीच्या वेळी फौजीला मिळणारे पैसे अनेक खिशांत असतात. दरमहाची सेवा पेन्शन जवानाला साधारण १५ वर्षांच्या सेवेनंतर मिळते, अधिकाऱ्याला २० वर्षांनंतर. त्याशिवाय ग्रॅच्युइटी असते. तिची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख रुपये आहे, पण जवानाची रक्कम सहसा तिथवर पोचत नाही. शिल्लक रजेचे पैसे जास्तीत जास्त ३०० दिवसांचे मिळतात. जवानांचा एएफपीपी फंड आणि अधिकाऱ्यांचा डीएसओपी फंड म्हणजे भविष्य निर्वाह निधी. सैन्याच्या ग्रुप इन्शुरन्सची, म्हणजे एजीआयची, मुदतपूर्तीची रक्कम वेगळी. आणि सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्यात जास्त लपवली जाणारी, ती कम्युटेशनची रक्कम. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

वन रँक वन पेन्शनमुळे पेन्शन दर पाच वर्षांनी नव्याने ठरते. २०१४, २०१९ आणि २०२४ च्या १ जुलैपासून तसे बदल लागू झाले. त्यामुळे जुन्या स्लिपवर विसंबू नका. नवरा अग्निवीर असेल तर पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचा प्रश्नच येत नाही. चार वर्षांनंतर मिळणारा सेवा निधी, व्याजासह साधारण ११.७१ लाख, एवढाच धरायचा.

मग कागद

सैन्यात जे पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकाच्या अधिकृत नोंदीच्या आदेशात, आलं तेच घडलं, असं फौजी गमतीने म्हणतात, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. लग्न, मुलांचा जन्म, घटस्फोट, सगळं पार्ट टू ऑर्डरने नोंदलं जातं. तुमचं लग्न आणि प्रत्येक मूल तिथे चढलेलं आहे का, हे पहिल्यांदा पाहा. आपल्याकडे एक नेहमीची अडचण येते. लग्नात बदललेलं नाव एका कागदावर असतं आणि माहेरचं आधार कार्डावर. अर्ज करण्याआधीच राजपत्र किंवा शपथपत्राने हे निस्तरून घ्या, नाहीतर प्रत्येक कार्यालय त्याच मुद्द्यावर कागद परत पाठवील.

नवऱ्याचा आर्मी नंबर, हुद्दा, पलटण आणि रेकॉर्ड ऑफिस एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. पेन्शन सुरू झाली असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आणि संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या पेन्शन पोर्टलवरची पेन्शन स्लिप लागते.

हे कागद नवरा देत नाही, ही तक्रार जवळपास प्रत्येक घरात ऐकू येते. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर खासगी माहिती म्हणून नकार येण्याची शक्यता मोठी. त्यापेक्षा कोर्टाचा रस्ता सरळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे अर्ज लांबवला तर ते महिने बुडाले. शपथपत्रात काही दडवल्याचा संशय असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून किंवा वेतन-पेन्शन कार्यालयाकडून कागद मागवण्याचा अर्ज कोर्टाकडेच करा.

पगाराची स्लिप हाती आली की खालचा, हातात पडणारा आकडा सोडून वरचा वाचा. प्रकरण सुरू होताच एएफपीपीची कपात अचानक वाढवणं किंवा कर्ज काढून हप्ते दाखवणं, हे प्रकार जुने आहेत. सक्तीची कपात, म्हणजे आयकरासारखी, वजा होते. स्वतःहून वाढवलेली कपात वजा करायला न्यायालयं सहसा तयार नसतात.

अर्ज कुठे, आणि समन्स कोणामार्फत

नवरा सियाचीनला आहे, मग मी कोर्टात कुठे जाऊ? तुम्ही राहता तिथेच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला ती राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात जाता येतं. कलम १४४ चा अर्जही तसाच. कौटुंबिक हिंसाचाराचा भाग असेल तर २००५ च्या कायद्याखाली वेगळा अर्ज करता येतो. त्यातलं कलम १८ फार कमी लोक वापरतात: मालमत्ता विकू नये, बँक खाती हलवू नयेत असा मनाई आदेश त्याखाली मागता येतो. निवृत्ती तोंडावर असताना याची किंमत कळते.

समन्स गावच्या पत्त्यावर पाठवून "घर बंद" असा शेरा घेण्यात महिने घालवू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेत सैनिकाचं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत बजावण्याची तरतूद आहे. वकिलाला ती आठवण करून द्या.

फौजी बाजूसाठीही दोन गोष्टी. सुट्टी मिळत नाही म्हणून एकतर्फी निकाल लागेल, ही भीती असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २८ खाली रजा न मिळणारा सैनिक आपल्या वतीने दावा चालवायला दुसऱ्या व्यक्तीला अधिकार देऊ शकतो. आणि युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत तैनात सैनिकाविरुद्धचं कामकाज थांबवण्यासाठी १९२५ चा सैनिक खटले कायदा आजही आहे. पण तो तारखा ढकलण्यासाठी नाही. पलटणीचा दाखला लागतो आणि न्यायाधीश तो नीट वाचतात.

स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं.

नोकरी चालू असेल तर पलटणीचा दरवाजा

घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत घर चालवायचं असतं. लष्करी कायदा, १९५० च्या कलम २८ मुळे दिवाणी न्यायालयाला सैनिकाच्या पगारावर थेट जप्ती आणता येत नाही. हे ऐकून बायका घाबरतात आणि काही वकील तिथेच थांबतात. त्याच कायद्याची कलमं ९० आणि ९१ पुढे वाचा: पत्नी आणि मुलांच्या पालनपोषणासाठी पगारातून कपात करण्याचा अधिकार लष्कराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना आहे. अधिकाऱ्यांसाठी ९०, जवान आणि जेसीओंसाठी (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) ९१. २००१ च्या लष्करी आदेशानुसार पत्नीसाठी वेतन-भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलासाठी ५.५ टक्के, आणि सगळं मिळून ३३ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.

अर्ज कमांडिंग ऑफिसरच्या नावे करा आणि प्रत रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. सोबत लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, स्वतःच्या उत्पन्नाचं शपथपत्र आणि कधीपासून पैसे थांबले ते तारखांसह जोडा. अर्जात त्रागा कमी आणि आकडे जास्त ठेवा. नवऱ्याला नोटीस जाते, त्याचं उत्तर येतं, मग निर्णय होतो. याला काही महिने लागतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हा अर्ज नीट लिहून द्यायला मदत करतं. कोर्टाचा पोटगीचा आदेश आधीच झाला असेल तर त्याची प्रमाणित प्रत जोडून याच कलमांखाली कपात मागा.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. ही कपात पगारातून होते. नवरा पेन्शनीवर आला की पगार संपतो आणि त्याच्याबरोबर कपातही. म्हणून समांतर कोर्टाचा आदेश हवाच.

निवृत्तीची तारीख आणि कम्युटेशनचा खेळ

या सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं, तर इथे. सैनिकाला पेन्शनचा जास्तीत जास्त अर्धा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. त्याला कम्युटेशन म्हणतात. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो.

हिशेबासाठी एक काल्पनिक हवालदार घेऊ. मूळ पेन्शन ३०,००० रुपये. त्याने अर्धी, म्हणजे १५,००० रुपये, विकली. चाळिशीच्या आसपास गुणक साधारण ९ असतो. १५,००० गुणिले १२ गुणिले ९, म्हणजे १६ लाख २० हजार रुपये एका दिवसात त्याच्या खात्यात आले. आणि कोर्टात तो स्लिप दाखवतो: "साहेब, मूळ पेन्शन फक्त १५,०००." स्लिप खरीच आहे. पण उरलेली पेन्शन कमी झाली ती त्याने स्वतःच्या मर्जीने रक्कम उचलली म्हणून. शिवाय महागाई भत्ता विकण्याआधीच्या पूर्ण ३०,००० वरच मिळत राहतो. पोटगीचा युक्तिवाद करताना विकण्याआधीची मूळ पेन्शन, त्यावरचा महागाई भत्ता आणि कम्युटेशनची रक्कम, तिन्ही आकडे एका तक्त्यात न्यायाधीशांपुढे ठेवा.

दुसरी नोकरीही विसरू नका. आपल्याकडचा जवान चाळिशीत घरी येतो आणि डीएससी (संरक्षण सुरक्षा दल), बँकेचा सुरक्षा रक्षक किंवा एमएसएफ (महाराष्ट्राचं राज्य सुरक्षा दल) इथे पुन्हा लागतो. ते उत्पन्न पेन्शनच्या जोडीला धरायचं असतं.

तर निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं असेल, तेव्हाच अंतरिम पोटगीचा अर्ज आणि गरज असेल तर मनाई आदेशाचा अर्ज टाका. हे पैसे एकदा गावाकडच्या बंगल्यात, ट्रॅक्टरमध्ये आणि भावाच्या खात्यात गेले की मागे आणणं भलतंच कठीण. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, म्हणून आधी निघा.

पोटगी किती? ठरलेला दर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका प्रकरणात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के योग्य मानले, आणि तेव्हापासून वकील तो आकडा पुढे करतात. तुमचं स्वतःचं उत्पन्न, मुलांचा खर्च, लग्नाची वर्षं, राहण्याचा प्रश्न, यांवर तो वरखाली होतो.

संमतीच्या अटी लिहिताना

दोघांनी मिळून कलम १३-ब खाली अर्ज करायचा तर किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांचं अंतर असतं. ते माफ करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे.

अटींमध्ये "पती आपल्या पेन्शनचा अर्धा हिस्सा पत्नीच्या नावे करून देत आहे" असं वाक्य हमखास दिसतं. ते काढून टाका. पेन्शन कायदा, १८७१ च्या कलम १२ नुसार अजून न मिळालेली पेन्शन दुसऱ्याच्या नावे करून देणारा करार रद्दबातल ठरतो. वाटतो गोड, पण त्याला आधार नाही. त्याऐवजी ठराविक रक्कम, देण्याची तारीख, बँक खातं आणि दर दोन किंवा तीन वर्षांनी किती टक्के वाढ, असं लिहा. पेन्शन सुधारेल तेव्हा वाढ किती, हेही त्यात आलं पाहिजे.

एकरकमी मिळत असेल तर रक्कम निवृत्तीच्या पैशांतून केव्हा येणार ते तारखेने लिहा, आणि शेवटचा हप्ता मिळाल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याची सही करू नका. दरमहा पोटगी असेल तर कलम २५ चा एक विसरलेला भाग वापरा: पोटगीसाठी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवता येतो. शेती असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात तो बोजा चढवून घ्या. वसुलीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा ही एक नोंद जास्त काम करते, कारण जमीन विकायची किंवा कर्ज काढायची वेळ आली की ती समोर येते.

शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, गावच्या चार मंडळींसमोर केलेल्या फारकतीवर रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर काढत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. तो नसताना दुसरं लग्न केलं तर ते बेकायदेशीर, दुसऱ्या बायकोला कौटुंबिक पेन्शन नाही, आणि नवऱ्याची नोकरी धोक्यात.

सही करण्याआधी: घटस्फोटच हवा का?

हे वकील क्वचित विचारतात, कारण त्यांच्याकडे लोक घटस्फोटासाठीच येतात. हुकूमनामा झाला की पत्नीचा कौटुंबिक पेन्शनचा हक्क संपतो. नवऱ्याच्या पश्चात सामान्य दराने शेवटच्या पगाराच्या ३० टक्के पेन्शन तिला मिळाली असती, ती मिळत नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड जातं, कॅन्टीनचं कार्ड जातं. तिशीतल्या, नोकरी असलेल्या, पुन्हा लग्नाचा विचार असलेल्या बाईला याचं फार काही वाटू नये. पण पन्नाशीत, मधुमेह आणि गुडघेदुखी घेऊन, दुसरं उत्पन्न नसताना ईसीएचएस सोडणं हा लाखांतला निर्णय आहे. कलम १० खाली न्यायिक विभक्तता घेता येते: वेगळं राहायचं, पोटगी घ्यायची, लग्न कागदावर टिकवायचं. नवरा घटस्फोटासाठी अडून बसला असेल तर या गमावलेल्या हक्कांची किंमत एकरकमी पोटगीच्या आकड्यात धरा. माझ्या मते वाटाघाटीतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे आणि तोच मांडायचा राहून जातो.

मुलांचे हक्क आई-बापांच्या घटस्फोटाने संपत नाहीत, मात्र त्यांची नावं रेकॉर्डला असायला हवीत.

हुकूमनामा हातात आल्यावर

फौजीने हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत पलटणीला किंवा रेकॉर्ड ऑफिसला देऊन पार्ट टू ऑर्डर काढून घ्यावी. मग एएफपीपी, एजीआय, ग्रॅच्युइटी आणि बँक, प्रत्येक ठिकाणचं नामनिर्देशन तपासून नव्याने भरावं. एकीकडे बदललं म्हणून दुसरीकडे बदलत नाही.

पोटगी थकली तर पत्नीने वाट बघू नये. कलम १४४ च्या आदेशाची वसुली करायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. दर थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. दिवाणी हुकूमनाम्यासाठी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. पेन्शन जप्त होत नाही, असं नवऱ्याचा वकील १८७१ च्या कायद्याचं कलम ११ दाखवून म्हणेल. ते संरक्षण सावकार आणि धनकोंविरुद्ध आहे, पोटगी मागणारी पत्नी त्यात मोडत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. त्या निकालाची प्रत दरखास्तीला जोडा.

परिस्थिती बदलली, त्याची पेन्शन वाढली किंवा तुमचं काम गेलं, तर कलम २५ खाली रक्कम वाढवून मागता येते. घटस्फोटाच्या वेळी पोटगी मागितलीच नसेल तरी याच कलमाखाली नंतर अर्ज करता येतो. मात्र "यापुढे कोणतीही मागणी करणार नाही" असं संमतीच्या अटींत लिहून बसला असाल, तर तो अर्ज टाकण्याआधी त्या अटींची प्रत वकिलापुढे ठेवा.